चाक थांबलं का येजो

सातासमुद्रापलीकडे गोरे गोऱ्यांशी लढत होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी आपल्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या कामाला लागल्या होत्या. कोण कोणाशी लढतंय, कशासाठी लढतंय, हे अमरावतीच्या बाजारातल्या अडत्यांनाही धड सांगता येत नव्हतं. पण तिकडचा कापूस बंद झाला होता आणि इकडचा चढला होता, एवढं लहान पोरालाही कळत होतं. शके सतराशे पंच्याऐंशीचा तो हिवाळा. ज्यांनी तो पाहिला ते मरेपर्यंत त्याच्या गोष्टी सांगत राहिले. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी लेकीच्या लग्नात तीन दिवस गावजेवण घातलं, कोणी अमरावतीहून विलायती छत्री आणली आणि खराब होईल म्हणून उन्हातही न उघडता काखेत धरून मिरवली. मैनाबाईला यातलं काहीच आठवत नसे. म्हातारपणी कोणी त्या सालाविषयी विचारलं की ती एवढंच म्हणायची, "त्या साली आमच्या मोटेचं चाक लय वरडे बाप्पा." मग तिच्या तोंडावर असं काही हसू यायचं की विचारणारा पुढचं विचारायचं विसरून जायचा.

तेव्हा ती मैनाबाई नव्हती, नुसती मैना होती. नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडे दोन कोसांवर एक गाव, त्या गावातल्या माळ्याच्या घरची एकुलती एक सून. वय अठरा की एकोणीस, कोणी मोजलं नव्हतं. घरचा विहिरीवरचा मळा होता, त्यात वांगी, मेथी, कांदा आणि बांधाला शेवंती. आणि मळ्याला लागून काळ्या मातीचं एक वावर, त्यात कापूस. माहेर रिद्धपुराकडे, बैलगाडीने दोन दिवसांची वाट. नवरा जानराव त्या हंगामात घरी असून नसल्यासारखा. गाडीभाड्याला असा भाव पूर्वी कधी आला नव्हता, म्हणून तो लोकांचा कापूस गाडीत भरून अकोल्याला गेला की पंधरा-पंधरा दिवस परतत नसे.

आणि मैनेच्या मांडीवर पाच महिन्यांची सुभद्रा. घरात सगळे तिला सुभी म्हणत.

मैनेची एक ख्याती होती. ती दोन्ही हातांनी कापूस वेची. इतर बायांचा उजवा हात चाले आणि डावा फांदी धरून बसे. हिचे दोन्ही हात दोन वेगळ्या बाया असल्यासारखे चालत, आणि तिच्या ओटीतल्या कापसात पाल्याचा तुकडा औषधालाही सापडत नसे. बाळंतपणापासून ती घरात होती. पोरगी लाडकी होती, जीव की प्राण होती, हे सगळं खरं. पण वावर पांढरंफेक झालेलं ओसरीवरून दिसे, आणि मैनेचे हात शिवशिवत. लेकराच्या आईने असं कबूल करू नये म्हणतात. मैनेने कोणाजवळ कबूल केलंही नाही.

काळजीचं कारण तसं नव्हतंच. सासूने, गोदाबाईने, दिवाळीत शब्द दिला होता, "वेचनी लागली का तू जाजो. पोट्टीले मी पाहीन."

वेचणीचा पहिला दिवस आला. वावराला दहीभाताचा नैवेद्य दाखवून झाला, पहिली चार बोंडं देवाजवळ ठेवून झाली, आणि गोदाबाईने कमरेला फडकं बांधून आपली ओटी केली. मैना बघतच राहिली.

"आत्याबाई, तुमी तं म्हटलं होतं..."

"म्हटलं होतं. तवा मले काय ठाऊक का बाजार असा पेटनार हाय?" गोदाबाई फडक्याची गाठ आवळत म्हणाली. "तीस वर्सं चूल फुकली म्या. माह्या हातात चांदीचे गोठ नाई पडले कधी. वेचनीचा वाटा बाईचा आपला असते, तो कोनी मागत नाई. एवढं एक साल वेचू दे मले. तुह्या पोट्टीले काय, कोनीबी पाहीन."

सासूचं चुकलं असं म्हणवत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा बाईच्या वाट्याच्या कापसाला मोल आलं होतं, आणि गोदाबाईचं मनगट रिकामं होतं. पण "कोनीबी" म्हणजे कोण? गावात जी म्हातारी चालू शकत होती ती वावरात होती, आणि जी चालू शकत नव्हती ती लेकरू काय सांभाळणार!

मैना पोरीला खांद्याशी धरून घरोघर फिरली. देवळामागच्या आंधळ्या म्हातारीने तिला जवळ बसवलं, सुभीच्या तळपायावरून बोटं फिरवली आणि सरळ सांगितलं, "लेकरू रडलं तं मले समजन वं बाई, पन पडलं तं दिसनार नाई." असा खरेपणा आता मिळत नाही. शेजारची आशाबाई म्हणाली, वावराच्या बांधावर बाभळीला झोळी बांध, म्या बांधली होती. पण आशाबाईच्या पोराच्या कानाची पाळी मुंगळ्यांनी कुरतडलेली अख्ख्या गावाने पाहिली होती. झोळी एका जागी राहते आणि वेचणारी ओळीओळीने पुढे जात राहते. मागे काय चाललंय ते तिला कळत नाही.

उरली माणिकबाई.

माणिकबाईचं घर गावाच्या टोकाला, चिंचेखाली. विधवा, पोरबाळ नाही, पायाने थोडी अधू, म्हणून वेचणीला जाऊ शकत नव्हती. त्या हंगामात तिने लेकरं सांभाळायला घेतली होती आणि संध्याकाळी आया येताना तिला पसाभर कापूस टाकत. मैना गेली तेव्हा ओसरी शेणाने लख्ख सारवलेली होती, आणि ओळीने गोधड्यांवर सात लेकरं झोपली होती. सातही. एकाचंही कुरकुरणं नाही, हुंकार नाही. चिंचेवरच्या चिमण्यांचा काय तो आवाज.

मैनेचा जीव भांड्यात पडला. आपली एकटी पोरगी घर डोक्यावर घेते, आणि या बाईच्या हाताला काय गुण असेल! माणिकबाईने सुभीला घेतलं ते अगदी मायेने घेतलं, गालाला गाल लावला, "कशी गोरीगोमटी हाय पाह्य" म्हणाली. मैनेने आपली जुनी चोळी सुभीच्या उशाखाली ठेवली, आईचा वास यावा म्हणून, आणि मागे न बघता वावराची वाट धरली. मागे बघितलं तर पाय उचलणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

तो दिवस तिने गाजवला. पाच महिने दाबून ठेवलेले हात सुटले ते सुटलेच. दुपारी पान्हा दाटून चोळी भिजली तेव्हा ती धावत माणिकबाईकडे गेली, पोरगी झोपलेली. "निजली हाय, कायले उठवते?" माणिकबाई कुजबुजली. मैनेने भिंतीच्या कडेला दूध पिळून टाकलं आणि परत गेली. संध्याकाळी सुभी झोपलेलीच घरी आली, घोटभर प्यायली आणि पुन्हा झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. गोदाबाई खूश. "पोट्टी शानी झाली पाह्य. मायची अडचन समजते तिले." मैनाही खूश झाली. पुढे आयुष्यभर तिला याचीच टोचणी राहिली, की त्या दोन दिवसांत आपण खूश होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पोरीला उचललं तर मान लोळली. हात सोडला तर हात खाली पडला. छातीशी लावलं तर तोंड उघडेना. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आत नुसतं पांढरं. मैनेने तिच्या ओठांचा वास घेतला. कडू, उग्र वास. तो वास तिने माहेरी एका म्हाताऱ्याच्या तोंडाला घेतला होता, अफूच्या गोळीवाचून ज्याचा दिवस उगवत नसे.

"मावशी, काय देलं हिले?"

माणिकबाईने लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला वाटत नव्हतं. "अफूची गोळी देते. राईच्या दान्याएवढी. सगळ्याइलेच देते. तुह्या मायनं तुले देली नसन का? माह्या मायनंबी मले देली." मग ती जरा दमल्यासारखी खाली बसली. "सात लेकरं, दोन हात. एक रडलं का सातई रडते वं. म्या काय करू?"

गावातल्या निम्म्या बाया अशाच वाढल्या होत्या, आणि ज्या वाढल्या नाहीत त्यांची गणती कोणी ठेवली नव्हती. तिला माणिकबाईचा राग आला नाही, स्वतःचा आला. ती सात गप्प लेकरं पाहून आपला जीव भांड्यात पडला होता! बाजारात वांगं घेताना सुद्धा आपण देठ बघतो, टोचून बघतो, आणि पोरगी ठेवताना नुसती शांतता बघितली. तिने चोळी उचलली, पोरगी उचलली आणि घरी आली.

रात्रभर ती सुभीला थोपटत, हलवत, पाणी लावत बसली. उजाडता उजाडता पोरगी जी रडली, ती अशी रडली की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. मैना हसतही होती आणि रडतही होती. इतका गोड आवाज तिने त्याआधी ऐकला नव्हता.

"आता काय करतं?" गोदाबाईने दारातून विचारलं. तिच्या आवाजात थोडी लाज होती, पण ओटीचं फडकं कमरेलाच होतं. "वावरात कापूस गळून राहिला. मजूर मिळून नाई राहिले. तुही एकटीची वेचनी दोघीइची असते."

मैना पोरीला घेऊन दाराआड सरकली. अंगणात तिचा सासरा, खुशालराव, बैलांना दावणीतून सोडत होता, आणि त्याच्यासमोर ती बोलूही शकत नव्हती.

इथे त्या घरची रीत सांगायला हवी. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. लग्नाला चार वर्षं झाली, मैनेने खुशालरावाचे पाय आणि पाठ पाहिली होती, चेहरा नाही. त्याला काही सांगायचं असलं तर तो खाटेला सांगे, उंबऱ्याला सांगे, नाहीतर ढवळ्या बैलाला सांगे. मैनेने दाराआडून बांगड्या वाजवल्या की होय, नाही वाजवल्या की नाही. एवढ्या सामानावर चार वर्षं संसार चालला होता आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

खुशालराव तसा मुळातच अबोल. दिवसभर मळ्यात मोट हाकायची आणि संध्याकाळी भाकरी खाऊन झोपायचं. त्याच्या मोटेच्या चाकाला त्याने जन्मात वंगण लावलं नव्हतं. ते चाक असं ओरडे की अर्ध्या कोसावर ऐकू येई. नवी नवरी होती तेव्हा मैनेला वाटलं होतं, या गावात कोणीतरी बाई सारखी रडते. लोक वंगण लाव म्हणून सांगून थकले. बैलांना त्या आवाजावर चालायची सवय आहे, एवढंच त्याचं उत्तर.

त्या सकाळी खुशालराव ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याला म्हणाला, "ढवळ्या, पोरीले मळ्यात आनून द्या म्हना. मोटेपाशी लिंबाले झोळी बांधतो म्हना."

गोदाबाईच्या हातातली कळशी वाजली. "अवं माय! बाप्या मानूस लेकरू सांभाळन? गावात तोंड दाखवाले जागा राहीन का?"

"गावाच्या तोंडात कापूस हाय," खुशालराव म्हणाला. "बोलनार कोन?"

"तुमी कधी आपल्या जानरावले तरी घेतलं होतं का मांडीवर?"

खुशालरावाने बैलाची वेसण उगाच सारखी केली. मग पुन्हा ढवळ्यालाच सांगितलं, पण या वेळी जरा मोठ्याने, दाराआड ऐकू जावं असं. "चाकाचा आवाज वावरात जाते. चाक चालू हाय तवर पोरगी बरी हाय म्हना. भूक लागली का म्या चाक थांबवतो. चाक थांबलं का येजो म्हना तिले."

अंगणात सगळे बांगड्यांची वाट बघत होते. गोदाबाई, खुशालराव, आणि तो ढवळ्यासुद्धा, असं मैनेला पुढे सांगताना वाटे.

मैना दाराआड पोरीला घट्ट धरून उभी होती. एकदा फसलेली बाई दुसऱ्यांदा होय म्हणायला घाबरते. या माणसाचा चेहरा आपण पाहिला नाही, याच्या तोंडचा एक शब्द आपल्यासाठी नाही, आणि याच्या हाती पोरगी? पण त्याचे हात तिने पाहिले होते. भादव्यात वांग्याची रोपं उपटून लावायची असत तेव्हा हा माणूस ती ओल्या फडक्यात गुंडाळी, उन्हाकडे आपली पाठ करून नेई, एकेक रोप मातीत बसवून भोवती बोटाने आळं करी, आणि एकही रोप मान टाकत नसे. माणिकबाईकडे तिने शांतता बघितली होती. या वेळी तिने हात बघितले.

तिने बांगड्या वाजवल्या.

मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जातात आणि उलटे वर येतात, त्या धावेला लागूनच कडुलिंब होता. त्याच्या खालच्या फांदीला खुशालरावाने गोदाबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. बैलांबरोबर खाली जाताना झोळीला एक हलका धक्का, वर येताना एक. पाणी वांग्यांना जायचं आणि झोका सुभीला, दोन्ही एका फेरीत. आणि वर चाक ओरडत राही, कुईंऽऽ कुईंऽऽ, आणि त्या आवाजात पोरगी अशी झोपे, की खरी झोप आणि अफूची झोप यांत फरक काय, ते मैनेला पहिल्यांदा उमगलं. खऱ्या झोपेत लेकरू मधूनच हसतं.

पहिले काही दिवस मैना हातांनी वेची आणि कानांनी मळ्यात असे. चाक ओरडतंय म्हणजे पोरगी बरी आहे. जो आवाज चार वर्षं डोक्यात जात होता, त्याच्यासारखं भजन नाही असं तिला वाटू लागलं. चाक थांबलं की ती ओटी टाकून निघे. ती मळ्यात पोचे तेव्हा खुशालराव दूर वांग्यांच्या ओळीत तिच्याकडे पाठ करून निंदत असे. पोरीला पाजून, झोळीत घालून ती बांधापलीकडे गेली की मागे चाक पुन्हा ओरडायला लागे. शब्द एक नाही. पण सुभीच्या कपाळाला रोज शेवंतीची एक पाकळी चिकटवलेली असे, आणि मैनेला ठाऊक होतं की ती आपणहून चिकटत नाही.

गावाच्या तोंडात कापूस होता तरी ते बोललंच. बाया म्हणाल्या, "मैने, तुहा सासरा दाई झाला म्हने!" पारावर एकाने खुशालरावालाच विचारलं, "खुशालराव, चोळी कधी शिवता?" "शिंपीबी तुमी वेचनीले नेला," खुशालराव म्हणाला, "शिवन कोन?" मग कोणी विचारलं नाही.

पौष सरत आला. एका सकाळी मैना नुकतीच पोरीला पाजून वावरात परतली होती. ओटीत अजून दोन पसे कापूसही पडला नव्हता. आणि चाक थांबलं.

ती ताठ झाली. आत्ताच तर पाजलं. भूक नाही. मग काय? थोडं थांबावं, बैल दमले असतील, मोटेचा नाडा सुटला असेल. ती दहा बोंडं मोजेपर्यंत थांबली. चाक गप्पच. तिला ती सात गोधड्यांवरची शांतता आठवली, आणि मग तिला दुसरं काही सुचलं नाही.

ती धावली. ओटी सुटली, कापूस मागे सांडत गेला, पराट्यांच्या काटक्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या. विहीर. साप. झोळीची गाठ. जे जे वाईट होऊ शकतं ते सगळं त्या एका वाटेत तिच्या डोळ्यांपुढून गेलं. बांध ओलांडताना डोक्यावरचा पदर गेला तो गेलाच.

बैल धावेच्या खालच्या टोकाला उभे होते. खुशालराव लिंबाखाली उकिडवा बसला होता. आणि त्याच्यापुढे गोधडीवर सुभी. बसलेली. आडवी नाही, टेकलेली नाही. दोन्ही हात मातीत रोवून, जरा डुलत, पण स्वतःची स्वतः बसलेली, आणि आजोबाकडे बघून खिदळत होती.

मैनेच्या छातीत अडकलेलं सगळं तोंडावाटे बाहेर आलं.

"मामाजी! असा जीव घेता का माहा? काहून थांबवलं चाक? मले वाटलं पोरगी गेली! तुमाले काई समजते का नाई?"

चार वर्षांत सासऱ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. बैलांनी कान टवकारले. खुशालरावाने वर पाहिलं, आणि पहिल्यांदा त्याने सुनेचा चेहरा पाहिला, घामाने डवरलेला, केसांत कापूस अडकलेला. तो गडबडला. आजूबाजूला बघितलं, पण सांगायला ना खाट होती ना उंबरा, आणि ढवळ्या दूर होता. शेवटी त्याने तिलाच सांगितलं.

"बसली," तो म्हणाला. "पयल्यांदा बसली. तुले दिसलं नसतं ना." आणि मग, जरा ओशाळून, "पानी तं रोजचंच हाय."

मैना तिथेच मातीत बसली. सुभी डुलत डुलत कलली, आणि दोघांनी दोन बाजूंनी हात पुढे केले. मैनेला पदराची आठवण झाली तेव्हा खुशालराव उठून वांग्यांकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं रडतोय. मग कळलं, हसतोय. तीही हसली. चार वर्षांचं बोलणं साठलं होतं, आणि निघालं ते शिव्या होऊन.

त्यानंतर घरात रीत तीच राहिली, पदर आणि बांगड्या. पण मळ्यात, लिंबाखाली, ते दोघं बोलू लागले. फार काही नाही. पोरगी किती झोपली, मेथीला कीड लागली का, एवढंच. मैनेला बाप लहानपणीच गेला होता. आपल्याला काय मिळतंय, ते तिला त्या बोलण्यांत कळत गेलं.

माघात जानराव परतला. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी गाड्यांची रांग लागली होती, जुन्या शहरात बैल उभा करायला जागा नव्हती, असलं काय काय सांगत होता. सुभीसाठी त्याने चांदीचे वाळे आणले होते, आणि बापासाठी बुधलाभर एरंडीचं तेल. "बाबा, आता त्या चाकाले वंगन घालतो. अख्खं गाव शिव्या देते."

"नको!" खुशालराव म्हणाला.

"नको!" मैना म्हणाली.

एकदम म्हणाले. जानराव बुधला हातात घेऊन एकदा बापाकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला.

वर्षा-सव्वा वर्षाने गोऱ्यांचं भांडण मिटलं आणि कापूस जमिनीवर आला. शिंगांच्या शेंब्या उतरल्या, छत्रीला कसर लागली. गोदाबाईच्या हातात मात्र गोठ पडले होते, आणि तिने ते कधी काढले नाहीत. सुभीच्या मागे मैनेला दोन लेकरं झाली. तीही त्याच लिंबाखाली, त्याच चाकाखाली वाढली.

सुभी दहा वर्षांची झाली त्या चैत्रात खुशालराव गेला. आजार असा नाही. सकाळी मोट जुंपायला उठला नाही, एवढंच. तिरडी बांधली गेली, बाप्ये माणसं तिला खांदा देऊन ओढ्याकडे निघाली. बाया दारात उभ्या राहून रडत होत्या. मैनेचं रडणं मध्येच थांबलं. तिने कान दिला. गावभर माणसांचा आवाज होता, पण त्याच्यामागे काहीतरी नव्हतं.

ती उठली, सुभीचा हात धरला आणि मागच्या दाराने मळ्यात गेली.

ओढ्यापर्यंत तो आवाज पोचला तेव्हा तिरडी खाली ठेवली जात होती. कुईंऽऽ कुईंऽऽ. माणसं एकमेकांकडे बघू लागली. सुतकात मोट? जानरावाने मडकं खाली ठेवलं, एकदा मळ्याकडे बघितलं आणि पुढच्या विधीला लागला.

संध्याकाळी घरी येऊन, आंघोळ करून, त्याने दाराशी बसलेल्या बायकोला विचारलं, "मोट कोनं हाकली?"

"म्या. सुभीनं बैल धरले."

"आजच्या दिवशी? काहून?"

"पानी नाई काढलं म्या," मैना म्हणाली. "रिकामीच मोट होती. नुसतं चाक फिरवलं." सुभी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. "मामाजी एवढे दूर जाऊन राहिले. पोरगी बरी हाय, हे त्याइले ऐकू आलं पायजे ना."